भिंतीच्या आत दोन फूट

काइवोला, मिशिगन
९ फेब्रुवारी २००५

ओन्नी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील. घाबरू नकोस, अजून कोणी गेलेलं नाही. नाताळचं कार्ड नुसती सही करून पाठवायचं, ही आपली इतक्या वर्षांची रीत मी आज मोडते आहे, कारण माझा नाइलाज झाला आहे.

तुझा भाऊ, ताउनो, आजारी आहे. जानेवारीत अंगणात पडला. बर्फ ओढायचं फावडं हातात तसंच. हृदय थकलंय म्हणतात. पायांवर सूज असते, दोन वाक्यं बोलला की धाप लागते. मी डॉक्टरना सरळच विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सरोवरावरचा बर्फ फुटलेला बघतील कदाचित." म्हणजे एप्रिल. तोही कदाचित.

जिना चढवत नाही म्हणून त्याची खाट मागच्या खोलीत टाकली. खिडकीतून वाफेच्या अंघोळीची सौनाची झोपडी दिसते, तिच्यापलीकडे सरोवर. त्यालाही तिथेच पडायचं होतं. पण ती खोली गळते. त्याच्यासाठी शेगडी दिवसभर पेटती ठेवावी लागते, वर हा एवढा बर्फ, आणि पाणी थेट त्याच्या पायाशी टपकतं. खाट सरकवून झाली, थेंबही सरकला. आता मी ते निळं एनॅमलचं भांडं ठेवलंय, पूर्वी मी ज्यात ब्लूबेरी धुवायची ते. दिवसभर टिप, टिप. मला वेड लागायची पाळी आलीये.

इथला हल्लीचा छपरवाला वेन स्वतःहून आला होता. म्हणाला, थोडा उघडून बघतो. ताउनोने उशीवरूनच त्याला असा झापला की बिचारा टोपी विसरून गेला. "त्या छपराला कोणी हात लावायचा नाही." का, ते सांगत नाही. मला तर वाटतं मरताना माणूस लहान मूल होतो, आणि हा तर आधीपासूनच हट्टी.

तुला दोन गोष्टींसाठी लिहितेय. एक, ही गळती कशी थांबवू ते सांग. चाळीस वर्षं तू छपरंच घातलीस. आणि दुसरी, तू ये. पहिलीचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

त्याला न सांगता लिहितेय.

तुझी वहिनी,
साइमी

&nbsp;

लेक वर्थ, फ्लोरिडा
१७ फेब्रुवारी २००५

वहिनी,

दोन-थर ताउनोचं छप्पर गळतंय! अगं, हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. इन्स्पेक्टर म्हणून अख्ख्या तालुक्याची छपरं ज्याने नापास केली, ज्याची गाडी दिसली की छपरवाले शिडीवरून उतरून सिगारेट विझवायचे, त्याच्या स्वतःच्या खाटेवर पाणी! देव आहे म्हणायचा.

आता कामाचं बोलू. तुझ्या मागच्या खोलीचं छप्पर जवळजवळ सपाट आहे. बारा इंच आडवं गेलं की तीन इंच चढतं. असल्या उतारावर पाणी रेंगाळतं. बारा इंचाला चार किंवा त्याहून जास्त चढ असेल तर शिंगलखाली, म्हणजे वर ठोकायच्या चकत्यांखाली, फेल्टच्या डांबरी कागदाचा एक थर पुरतो. चारच्या आत आलं की दोन थर. वरचा पट्टा खालच्यावर अर्ध्याहून जास्त चढवायचा, म्हणजे कुठेही बोट ठेवलंस तरी खाली दोन थर लागले पाहिजेत. दोनच्याही खाली गेलं तर शिंगल ठोकायचेच नाहीत. शिवाय बर्फाच्या मुलखात कडेला दोन फुटांचा चिकट पट्टा हवा. घराच्या उबेने वरचा बर्फ वितळतो, पाणी खाली कडेला येऊन गोठतं, तिथे बांध होतो, मागचं पाणी उलटं वर चढून शिंगलखाली शिरतं. हा कायदा पुढे तुझ्या नवऱ्यानेच माझ्याकडून घोकून घेतला होता. त्याला विचार, त्याचे स्वतःचे दोन थर कुठे गेले.

तात्पुरता उपाय सांगतो. तुझे जुने लांब मोजे घे, पायात घालायचे पातळ. त्यांत बर्फ वितळवायचं मीठ भर, गाठ मार, आणि कोणाकडून तरी त्या बांधावर उभे टाकून घे. मीठ बर्फात वाट करील, पाणी निघून जाईल. छपराला हात लागत नाही, तेव्हा साहेबही ओरडणार नाहीत.

येण्याचं म्हणशील तर गेल्या पावसाळ्यातल्या वादळांनी इथली निम्मी छपरं उडवलीत. मला मान वर करायला फुरसत नाही. उन्हाळ्यात बघू. तसंही हिवाळ्यात कोणी छपराचं काम करत नाही.

ओन्नी

&nbsp;

काइवोला
२५ फेब्रुवारी २००५

ओन्नी,

माझे मोजे छपरावर आहेत. सगळ्या गावाने बघितले. वेनने टाकून दिले, आणि रविवारी चर्चमध्ये पास्टरची बायको मला विचारते, "साइमी, अगं तुझे पाय कुठे गेले?" काय सांगू तिला! थेंब थोडा मंदावला. थांबला नाही.

तुझं पत्र मी शेवटी ताउनोला वाचून दाखवलं. टोमणे गाळून. लपवायला आता वेळ कुठे आहे? तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला. "कडेला दोन फुटांचा पट्टा" हे वाचलं आणि तो एकदम उठून बसला. पंधरा दिवसांत स्वतःहून उठला नव्हता. म्हणाला, "कडेला नव्हे! भिंतीच्या आत! भिंतीच्या आत दोन फूट! या गाढवाला अजून कळलं नाही?" मग इतका हसला की खोकला सुरू झाला, आणि डेबी नर्सने मला बाहेर काढलं.

मी दाराबाहेर उभी राहून रडले. त्याला हसताना मी नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा ऐकलं.

तू लिहितोस, उन्हाळ्यात बघू. ओन्नी, तुला वाचता येतं ना? मी एप्रिल लिहिलं होतं. तुम्ही केम्पाइनेन पुरुष कानाने ऐकता ते फक्त कामाचं. माणूस मरतोय म्हटलं की विचारता, उतार किती.

चर्चच्या हॉलवरून हे सगळं झालं. तुझं छप्पर त्याने सगळ्यांसमोर नापास केलं, दुसऱ्या छपरवाल्याला बोलावून काढायला लावलं, हे मी विसरलेले नाही. तेव्हा मीही त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. पण तो हॉल आता पाडला. तिथे गाड्या लावतात. भांडणाचं छप्पर गेलं, भिंती गेल्या. आता तुम्ही दोघं कशावरून भांडताय?

वेलदोड्याचा पाव भाजते आहे. त्याला वास तरी यावा म्हणून.

साइमी

&nbsp;

लेक वर्थ
४ मार्च २००५

वहिनी,

तू हॉलचं बोलतेस. हॉलचं मी कधीच सोडून दिलं होतं. इन्स्पेक्टर होता, त्याचं काम त्याने केलं. चार शिव्या घातल्या असत्या, एका शनिवारी सौनात शेजारी बसलो असतो, संपलं असतं. आपल्यात असंच संपतं.

आज सांगतो, कारण तू विचारलंस.

हॉलनंतर मी इकडे आलो, आणि पुढच्या उन्हाळ्यात एकदा परत आलो होतो. तुम्हाला कोणाला माहीत नाही. गोदामातलं उरलेलं सामान न्यायला आलो, ट्रकमध्ये भरलं, आणि म्हटलं, जाता जाता दाराशी थांबू. आईच्या पद्धतीची कॉफी मागू. तुमच्या वळणावर आलो आणि पाहिलं. अंगणात उखडलेल्या शिंगलांचा ढीग. ताडपत्री. शिडी. ताउनो पाठमोरा, हातात पहार.

मागची खोली तुम्हाला लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाची भेट म्हणून मी बांधली. फळ्या मी निवडल्या. छपराचा एकेक खिळा मी ठोकला. तू खालून कॉफी वर पाठवायचीस बादलीतून, आणि ताउनो खाली उभा राहून "शिंगल वाकडा आहे, शिंगल वाकडा आहे" म्हणून माझं डोकं खायचा, आणि वाकडा नसायचाच. माझ्या आयुष्यात मी एवढ्या आनंदाने दुसरं काम केलं नाही. आणि त्याने ते उपटलं. हॉल गावाचा होता, वहिनी. ते छप्पर माझं होतं. त्याने माझी भेट फाडली आणि अंगणात टाकली.

मी ट्रक थांबवला नाही. जॉर्जियापर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही.

त्याने स्वतःच्या हाताने नवं घातलं असेल, दोन थरांचं, अगदी पुस्तकातलं. आणि तेच आज गळतंय. मला हसू यायला हवं. येत नाही.

मी येणार नाही. त्याला सांग, ओन्नीने सगळं माफ केलं. नाहीतर असं सांगू नकोस. तुला काय वाटेल ते सांग.

ओन्नी

&nbsp;

काइवोला
११ मार्च २००५

मूर्खा,

ते सौनाचं छप्पर होतं!

त्या उन्हाळ्यात सौनाचं धुरांडं पेटलं होतं, छप्पर जळलं, ताउनोने ते उखडून नवं घातलं. रस्त्यावरून मागची खोली दिसते तरी का रे? दिसत नाही. तुला दिसला तो ढीग. तू ट्रक थांबवून दोन पावलं आत आला असतास तर तुला कॉफी मिळाली असती आणि मला माझा दीर. सोळा वर्षं, ओन्नी. सोळा वर्षं तू सौनाच्या शिंगलांसाठी रुसून बसलास!

मला राग येतोय. आता मी एक वचन मोडणार आहे. ताउनोने मला शपथ घातली होती की हे तुला कधी सांगायचं नाही. पण तो दिवसातले चार तास जागा असतो, आणि माझ्याकडे शपथा पाळायला दिवस उरले नाहीत.

मागच्या खोलीवर आजही तुझंच छप्पर आहे. एक खिळा बदललेला नाही.

ते पहिल्याच हिवाळ्यात गळलं. आम्ही तुला सांगितलं नाही. ताउनो वर चढला, कडेचे दोन शिंगल उचलून बघितले, आणि परत ठेवले. खाली आला, शिडी जागेवर ठेवली. मग म्हणाला, "एकच थर आहे. आणि पट्टा कडेपासून मोजलाय." तू कडेपासून दोन फूट मोजलेस, आणि वळचण होती पुरी दोन फुटांची, कारण मीच तुला म्हटलं होतं, रुंद ठेव, माझी लाकडं भिजायला नकोत. म्हणजे तुझा सगळा पट्टा भिंतीच्या बाहेरच राहिला. उबदार खोलीच्या वर त्यातला बोटभरही आला नाही. मी म्हटलं, मग सांग ना ओन्नीला, येऊन नीट करील. तर म्हणाला, "त्याने भेट दिली आहे. भेटीची तपासणी करतात का?"

मग हॉलचं झालं. तिथेही तू तसंच मोजलं होतंस, आणि ते त्याला मंजूर करता येईना. पण त्यानंतर तर आमच्या छपराला हात लावायचा प्रश्नच उरला नाही. दुसऱ्या कोणी उघडलं असतं तर आत काय आहे ते गावभर झालं असतं. आधीच लोक तुझ्या नावाने बोलत होते. ताउनो म्हणाला, "एकदा मी त्याला चारचौघांत उघडं पाडलं. पुन्हा नाही पाडणार." त्याला गळत्या छपराखाली राहणं चाललं.

आणि ते गळू नये म्हणून काय करायचा, ठाऊक आहे? प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक मोठ्या बर्फानंतर शिडी लावून वर जायचा आणि सगळा बर्फ हाताने ओढून काढायचा. बर्फच नाही, तर बांध कुठून होणार! लोक हसायचे, इन्स्पेक्टरला स्वतःच्या छपराचा भरवसा नाही म्हणायचे. हा आपला वर. पंच्याहत्तरी उलटली तरी वर. मी भांडायची, शिडी लपवायची. तो शोधून काढायचा.

आता तूच ठरव काय करायचं ते.

साइमी

&nbsp;

लेक वर्थ
१६ मार्च २००५

वहिनी,

पत्र आलं. परत परत वाचलं. आज कामावर गेलो नाही.

तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, जानेवारीत अंगणात पडला, हातात बर्फ ओढायचं फावडं होतं. कुठल्या छपरावरून उतरत होता, ते मी विचारणार होतो. विचारत नाही. तू लिहू नकोस.

अठ्ठावीस तारखेचं विमान मिळालंय. त्याआधी फोन करीन. फोनवर मी आणि तो नुसते श्वास घेणार हे मला माहीत आहे. तरी करीन. तू त्याच्या कानाशी धर.

त्याला म्हणावं, थांब.

ओन्नी

&nbsp;

काइवोला
४ एप्रिल २००५

ओन्नी,

मिनियापोलिसहून परत फिरलास! माझ्या लेकीने, कार्लाने, तुला फोन लावून चौकशी केली आणि मला सांगितलं. बर्फाच्या वादळात तिथे अडकलास, ते देवाच्या हातचं होतं. पण वादळ थांबल्यावर तू फ्लोरिडाचं विमान धरलंस. "सगळं उरकलं असेल, आता काय तोंड घेऊन येऊ" असं तिला म्हणालास म्हणे. पुन्हा वळणावरून ट्रक पुढे नेलास तू. अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये मी तुझ्यासाठी पुढच्या बाकावर जागा धरली होती. कोणी बसायला आलं की म्हणायची, इथे येणार आहे माणूस.

तो सव्वीसला गेला, सकाळी. डेबी त्याचं अंग पुसत होती, मी कॉफी ओतत होते. वळून बघितलं तर झालं होतं. सरोवर अजून घट्ट होतं. भांड्यात थेंब पडत होता. मला त्या थेंबाचा इतका राग आला की भांडं लाथेने उडवावंसं वाटलं.

तुला ओरडून झालं. आता दुसरं सांगते, कारण तुझ्या बाजूला फक्त आवाज आला असेल. तुला त्याचा चेहरा दिसला नाही.

तू फोन केलास तेव्हा मी रिसीव्हर त्याच्या कानाशी धरला. तुझे शब्द मला कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. त्याने आधी मला उशी उंच करायला लावली. मग विचारलं, "मागच्या खोलीचा चढ किती?" तू काहीतरी म्हणालास. त्याने मान हलवली. "मग थर किती?" तू म्हणालास. त्याने डोळे मिटले, आणि ओन्नी, त्याच्या तोंडावर असं काही आलं, जसं तुम्ही दोघं मासे धरून घरी यायचात आणि आईला दाखवायचात तसं. मग त्याने विचारलं, "आणि तो चिकट पट्टा कुठून मोजायचा?"

तिथे तू काहीच बोलला नाहीस. मला कळलं, तू रडतोयस. धाकटा असला की रडू येतंच. थोड्या वेळाने त्याने हाताने खूण केली, पुरे. मी फोन ठेवला.

मला म्हणाला, "शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही त्याने. आला की विचारीन."

सगळा आठवडा तो तुझी वाट बघत होता. मोटारीचा आवाज आला की विचारायचा, "आला का?" मी म्हणायची, अजून नाही. तो म्हणायचा, "येईल. उत्तर द्यायचं राहिलंय त्याचं."

मी मेअखेरीस डलूथला कार्लाकडे चालले आहे. सध्या या घरात मला बसवत नाही. किल्ली सौनाच्या चौकटीवर आहे, नेहमीची. मागची खोली तशीच आहे. मी तुला ये म्हणत नाही. म्हणून म्हणून थकले.

साइमी

&nbsp;

काइवोला
२५ जून २००५

वहिनी,

किल्ली चौकटीवरच होती. दहा दिवस झाले, मी तुझ्या घरात आहे. तुला आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर कदाचित पुन्हा वळणावरून मागे फिरलो असतो. वाटेत दोनदा तशी बुद्धी झालीच होती.

ताउनोच्या खाटेवर झोपतो. पहिल्या दिवशी खालच्या बाजूचा डाग बघितला छतावरचा, ताटाएवढा, कडांना तपकिरी. तो हेच बघत पडला असेल. 

कबरीवर गेलो. गवत उपटलं आणि आलो.

मग छप्पर उघडलं. वहिनी, शिंगलांवरची रेती घासून गेलेली आहे. फावड्याच्या रुंदीच्या पट्ट्या, वरपासून खालपर्यंत, एकाला एक लागून. मी हाताने चाचपत गेलो. जिथे मी वाकडा शिंगल ठोकलाय म्हणून तो ओरडायचा ना, तो खरंच वाकडा आहे. बोटभर. मला तेव्हा दिसला नव्हता. तो मी काढून ठेवलाय, फेकणार नाही.

खाली एकच थर. आणि माझा पट्टा अगदी नेटका, सरळ, आणि भिंत सुरू होते तिथे संपलेला. तिथून पुढच्या फळ्या काळ्या पडल्यात, बोटाने चुरा होतो. एवढं चांगलं काम इतक्या चुकीच्या जागी मी दुसरं पाहिलेलं नाही. मला हसायला आलं, आणि मग बराच वेळ मी पहार बाजूला ठेवून नुसता बसलो.

कुजलेल्या फळ्या बदलल्या. मोजमाप असं केलं की खोलीच्या आतून, भिंतीला चिकटून, एक लांब खिळा वर ठोकला. छपरावर त्याचं टोक निघालं. तिथून आत दोन फूट. म्हटलं, एवढ्याने ताउनो गप्प बसायचा नाही, म्हणून आणखी एक पट्टा वर चढवला. मग फेल्ट, दोन थर, कुठेही बोट ठेव. शेवटी शिंगल. कडेचे काही शिंगल मुद्दाम बसवले नाहीत. उघडे ठेवले, इन्स्पेक्टरला आतले थर दिसावेत म्हणून. तालुक्याच्या कचेरीत जाऊन रीतसर तपासणी मागितली.

नवी इन्स्पेक्टर आहे, लाप्लांट म्हणून. चांगली पोरगी आहे. गाडी अंगणात थांबवली, काच खाली केली, कॉफीचा कप हातात. मी छपरावरून हाक मारली, "शिडी इकडे आहे!" ती म्हणाली, "तुम्ही ताउनो केम्पाइनेनचे भाऊ ना?" मी म्हटलं, हो. हसली. म्हणाली, "दोन-थर ताउनोच्या भावाचं काम मी काय तपासणार! मंजूर." आणि गाडीतूनच सही केली.

मी म्हटलं, अहो बाई, वर या, थर मोजा, पट्टा कुठून मोजलाय ते विचारा. ती म्हणाली, विश्वास आहे माझा. गेली.

विश्वास! ताउनोने जन्मात माझ्यावर असला विश्वास टाकला नाही. तो वर आला असता. गुडघ्यावर बसला असता, चष्मा कपाळावर सरकवून. स्वतःची मोजपट्टी काढली असती, माझ्या पट्टीवर भरवसा नसता ठेवला. प्रत्येक खिळ्याला नावं ठेवली असती. वहिनी, मला त्या दिवशी काहीतरी करून नापास व्हायचं होतं. या जगात मला नापास करणारं आता कोणी उरलं नाही.

कडेचे शिंगल मी दोन दिवस तसेच उघडे ठेवले. कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही. काल युहान्नुसची, आपल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाची, होळी पेटली किनाऱ्यावर, पोरं गात होती, सगळं छपरावरून दिसत होतं. मी एकटाच म्हणालो, "भिंतीच्या आत, ताउनो. भिंतीच्या आत दोन फूट." मोठ्याने म्हणालो. मग उरलेले शिंगल ठोकले आणि खाली उतरलो.

परवा निघतो. किल्ली चौकटीवर ठेवतो.

ओन्नी

&nbsp;

काइवोला
१९ मार्च २००६

ओन्नी,

तुझ्या जूनच्या पत्राला मी आजवर उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, वहिनी रुसली. रुसले नव्हते. ताउनो म्हणायचा, छपराचा निकाल उन्हाळ्यात देत नाहीत. म्हणून थांबले होते.

मी नोव्हेंबरातच घरी परत आले. कार्ला नको म्हणत होती. यंदा बर्फ किती पडला ते तू पेपरात वाचलंच असशील. मागच्या खोलीवर माझ्या छातीएवढा होता. वेनने दोनदा विचारलं, ओढून टाकू का? मी म्हटलं, हात लावू नकोस. पडू दे. मुद्दाम शेगडीही पेटती ठेवली, ताउनो होता तेव्हासारखी. कडेला बांध झाला, मांडीएवढा जाड. गोठलेल्या पागोळ्या खिडकीच्या खालपर्यंत आल्या. मग या आठवड्यात ऊन पडलं आणि सगळं वितळायला लागलं. मला रात्रंदिवस धास्ती. तुला नीट मोजता येतं की नाही याचा मला काय भरवसा!

आज सकाळी ताउनोच्या खाटेवर उभी राहिले. या वयात! कार्लाला सांगू नकोस. दोन्ही हात छताला लावले आणि भिंतीपासून आत चाचपत गेले. एक फूट. दोन फूट. तीन फूट. डागाच्या जागीसुद्धा. हात बघितले, गालाला लावून बघितले.

कोरडे आहेत, ओन्नी. तू पास झालास.

ते निळं भांडं अजून खाली जमिनीवर होतं. मी वर्षभर उचललं नव्हतं. झाडताना त्याच्या भोवतीने झाडायची. आज खाटेवरून उतरले आणि उचललं. खाली फळीवर गोल पांढरा डाग पडलाय. तो पुसला, जात नाही. खोलीत इतकं शांत वाटायला लागलं की मला सहन होईना. मग मी तिथेच बसले आणि पोटभर रडले.

सरोवर अजून फुटलेलं नाही. फुटायच्या आधी ये. या वेळी पुढे जाऊ नकोस. वळणावरून आत ये.

तुझी वहिनी,
साइमी